घरातला कुत्रा, घरातली शिंक आणि दवाखान्याचे बिल

आषाढ लागला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. उन्हाळ्यात कुत्र्याला ऊन बाधले, पिल्लू काही खात नाही अशी पत्रे असतात. पावसाळ्यात मात्र गोचीड, खाज, शिंका आणि बिले यांचीच चर्चा. या वेळी त्याच पत्रांतली निवडक पत्रे घेतली आहेत. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे माणसांच्या अ‍ॅलर्जीविषयी कुत्र्याच्या बाजूने जेवढे सांगता येते तेवढेच सांगेन. माणसाचे निदान आणि औषध त्या विषयाच्या डॉक्टरांकडूनच घ्यावे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहतो. घरात मी, यजमान, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि शेरू नावाचा तीन वर्षांचा गावठी कुत्रा. शेरू रात्री मुलाच्या गादीवर पायाशी झोपतो. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून मुलाला सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका येतात, नाक चोंदते आणि तो डोळे चोळत बसतो. औषधाने तेवढ्यापुरता आराम पडतो. कुत्रा घालवल्याशिवाय हे थांबणार नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. म्हणून शेरूला दहा दिवस बदलापूरला नणंदेकडे ठेवून पाहिले, पण तसूभर फरक पडला नाही. शिवाय मे महिन्यात मुलगा तीन आठवडे माझ्या माहेरी, अंबाजोगाईला होता. तिथे अंगणात कुत्रा असूनही त्याला एकदाही त्रास झाला नाही. म्हणजे शेरूचा दोष नाही, असे समजावे का? हवा शुद्ध करणारे यंत्र घ्या, असे शेजारी सुचवतात. ते चौदा हजारांचे आहे. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : तुमचा प्रयोग प्रामाणिक होता, पण त्यातून ना तुमचे म्हणणे सिद्ध होते, ना सासूबाईंचे. कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होते असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्रास देतात ती कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत असणारी प्रथिने. केस हे त्यांचे केवळ वाहन. कोंड्याचे कण इतके हलके असतात की ते हवेत तरंगत राहतात आणि गादीत, सोफ्याच्या कापडात, पडद्यांत, भिंतींवर, शाळेच्या दप्तरावरसुद्धा जाऊन बसतात. कुत्रा घराबाहेर गेला म्हणून हे कण त्याच्यामागे जात नाहीत. ते कित्येक आठवडे, कधी काही महिने घरात टिकून राहतात. दहा दिवस शेरू बदलापूरला होता, पण त्याचा कोंडा डोंबिवलीतच होता, आणि तोही मुलाच्या गादीत.

अंबाजोगाईची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथला कुत्रा अंगणात असतो, अंथरुणात नाही, हा एक फरक. दुसरा फरक हवेचा. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत धुळीतला एक सूक्ष्म जीव, ज्याला डॉक्टर डस्ट माइट म्हणतात, फारसा तग धरत नाही. डोंबिवलीच्या दमट हवेत मात्र तो गाद्या-उशांत सुखाने नांदतो आणि माणसाच्या त्वचेचा गळालेला कोंडा खाऊन वाढतो. झोपेतून उठताच शिंका येणे आणि पावसाळ्यात त्रास वाढणे या दोन्ही गोष्टी या जिवाकडे बोट दाखवतात. पण शेरूही त्याच गादीवर झोपतो. थोडक्यात, दोन संशयित एकाच खोलीत सापडले आहेत, आणि केवळ तर्काने त्यांतला एक निवडता येणार नाही.

म्हणून पहिला खर्च यंत्रावर न करता तपासणीवर करावा. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची एक साधी चाचणी होते : हाताच्या आतल्या बाजूस डस्ट माइट, कुत्रा, झुरळ, बुरशी अशा निरनिराळ्या द्रावांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून त्वचेला सुईने अगदी वरवर टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधीसारखा फुगवटा आला ते मोजतात. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर अ‍ॅलर्जी असूनही चाचणीत ती दिसत नाही, असे होऊ शकते, त्यामुळे त्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या थांबवणे शक्य नसेल तर रक्ताच्या तपासणीचा पर्याय असतो. मात्र फुगवटा आला म्हणजे रोग ठरला असे होत नाही. अहवाल आणि प्रत्यक्षातला त्रास यांची सांगड बसली तरच निदान होते, आणि ती सांगड घालताना अंबाजोगाईची हकिकत डॉक्टरांना अवश्य सांगा. मुलाला रात्री खोकल्याची उबळ येत असेल, छातीत घरघर होत असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर तेही आधी सांगा, कारण दम्याची शंका आली की प्रश्नाचे गांभीर्य बदलते.

तोवर कमी खर्चाचे उपाय आजपासून सुरू करा. शेरूचे अंथरूण मुलाच्या खोलीबाहेर हलवावे आणि ती खोली दिवसाही त्याला बंद ठेवावी. चार रात्री तो दाराशी कुरकुर करील; पाचव्या रात्री सवय होईल, पण तोपर्यंत घरातल्या कुणीही विरघळू नये. यासाठी घरातल्या सगळ्यांना राजी करणे हाच भाग सर्वांत कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगतो. कोरडा झाडू मारल्याने बसलेला कोंडा पुन्हा हवेत उडतो, म्हणून ओल्या फडक्याने फरशी पुसण्यावर भर द्यावा. आपल्याकडे फरशी आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नाही, ही या बाबतीत मोठीच सोय आहे. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला साधारण साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, आणि गादी-उशीला डस्ट माइट अडवणारी घट्ट विणीची चेन असलेली खोळ घालावी. संशयित कोणीही ठरला तरी हा खर्च वाया जात नाही.

शेरूला आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली तर त्याच्या अंगावरची प्रथिने कमी होतात, पण हा परिणाम दोन-तीन दिवसच टिकतो. त्यामुळे महिन्यातून एकदा घासून आंघोळ घालण्याचा अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने काही उपयोग नाही. आंघोळ यजमानांनी घालावी, मुलाने नव्हे. शाम्पू कुत्र्यांसाठीचा सौम्य असावा, कारण माणसांच्या साबणाने त्वचा कोरडी पडून कोंडा उलट वाढतो. पावसाळ्यात कानांच्या आतून आणि बोटांच्या बेचक्यांतून पाणी टिपून घ्यावे, नाहीतर मुलाच्या शिंका थांबवता थांबवता शेरूच्या कानाचा दवाखाना सुरू होतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मानेवर थेंब टाकायचे गोचिडीचे औषध तुम्ही वापरत असाल, तर वारंवार आंघोळीने त्याचा असर कमी होतो. अशा कुत्र्यासाठी पोटात देण्याच्या गोळीविषयी आपल्या पशुवैद्यांना विचारावे. मात्र शेरूला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगावे, कारण त्या गटातल्या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

यंत्राचे स्थान या यादीत शेवटचे आहे. हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेले यंत्र हवेतले कण कमी करते, पण गादीतले ओढून काढू शकत नाही. घ्यायचेच झाले तर फक्त मुलाच्या खोलीसाठी, खोलीच्या आकाराला पुरेल असे घ्यावे आणि गाळणी बदलण्याचा खर्च आधीच विचारून घ्यावा. ओझोन सोडणारे यंत्र मात्र दम्याची शक्यता असलेल्या घरात आणू नये.

कुत्र्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली, दमाही ठरला आणि हे सगळे करूनही मुलाचा श्वास अडकतच राहिला, तर मात्र शेरूला दुसरे चांगले घर शोधावे लागेल, आणि त्या वेळी सासूबाईंचे म्हणणे कठोर नव्हे तर रास्त ठरेल. तशी पाळी आलीच तर नणंदेचे घर त्याच्या ओळखीचे झाले आहे, हे त्या दहा दिवसांचे खरे फलित म्हणायचे.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या लॅब्रेडॉरला, ब्रूनोला, गोचीड ताप झाला. रक्ततपासण्या, चार दिवस सलाईन आणि औषधे मिळून अकरा हजार चारशे रुपये झाले. आठ दिवसांत तो नीट खाऊ लागला म्हणून गोळ्या बंद केल्या. दीड महिन्याने पुन्हा ताप, नाकातून रक्त, आणि पुन्हा तेवढेच बिल. दवाखान्याने आम्हाला लुबाडले का? अंगावरची गोचीड आम्ही रॉकेल लावून काढतो, तरी ती संपत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : बिल पाहिल्याशिवाय लुबाडले की नाही हे मी सांगू शकत नाही. पण दुसरे बिल कशामुळे आले हे तुमच्याच पत्रात आहे. गोचीड ताप म्हणून ज्याला आपण ओळखतो त्यात बहुधा एर्लिकिया हा जंतू असतो, तो रक्तातल्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणिका, कमी करतो; नाकातून रक्त आले ते त्यामुळेच. त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध दोन-तीन दिवसांतच कुत्र्याला टवटवीत करते, आणि घात तिथेच होतो. कुत्रा बरा दिसतो, जंतू मात्र शिल्लक असतो. हा कोर्स साधारण अठ्ठावीस दिवसांचा असतो. उरलेल्या वीस दिवसांच्या गोळ्यांना किती पैसे लागले असते याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. ही गोळी उपाशीपोटी देऊ नये; ती अन्नासोबत द्यावी आणि वर पाणी पाजावे, कारण घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम करते. बाबेसिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी असेल तर औषध निराळे लागते, म्हणून रक्ताचा नमुना काचेवर पाहून घेणे हा टाळण्याजोगा खर्च नव्हे.

खर्च कमी करण्याची खरी जागा औषधाच्या चिठ्ठीत आहे. डॉक्सिसायक्लिन काय किंवा कुत्र्यांना देण्यात येणारी इतर अनेक प्रतिजैविके आणि आम्लपित्ताची औषधे काय, ही माणसांचीच औषधे आहेत. औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून देण्याची विनंती आपल्या पशुवैद्यांना करावी आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मला असे विचारणारे पालक आवडतात, कारण तेच कोर्स पूर्ण करतात. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते आणि तिथे फक्त गाई-म्हशीच पाहतात हा समज चुकीचा आहे. तुम्हाला सांगलीहून पुण्याच्या वाटेवर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. नागपूर, परभणी, उदगीर इथेही अशी महाविद्यालये आहेत, आणि मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतेच. त्याच परिसरातले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे आहे. अशा ठिकाणी रांग लांब असते आणि वेळ मोडतो, पण शस्त्रक्रिया, एक्स-रे किंवा दीर्घ उपचार असतील तेव्हा खासगी दवाखान्याच्या तुलनेत पडणारा फरक लक्षणीय असतो.

आता गोचिडीकडे वळू. ब्रूनोच्या अंगावर दिसणारी गोचीड ही तुमच्या घरातल्या एकूण गोचिडींपैकी अगदी थोडी आहे. ही जात आयुष्यात तीनदा कुत्र्याच्या अंगावर चढते आणि तीनदा रक्त पिऊन खाली उतरते. मधल्या काळात ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या घराच्या फळ्यांत दडून कात टाकते. पोट भरलेली मादी एरंडीच्या बीसारखी राखाडी, टपोरी दिसते, आणि अशी एक मादी फटीत शिरून हजारो अंडी घालते. भुकेली गोचीड महिनोन् महिने वाट पाहू शकते. त्यामुळे तुम्ही रोज अंगावरच्या गोचिडी वेचत राहता आणि भिंत रोज नव्या पाठवत राहते. फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. गवंड्याच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने माझ्याकडे येणाऱ्या काही घरांतली गोचीड हटली आहे. जोडीला कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोचीडनाशक औषध ठरलेल्या दिवशी, खंड न पाडता द्यावे. काही गोळ्यांचा परिणाम महिनाभर, तर काहींचा बारा आठवडे टिकतो, तेव्हा किंमत गोळीची न पाहता महिन्याची पाहावी. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना देण्याची काटकसर करू नये. औषध गोळीत सारखे पसरलेले असेलच असे नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे थेंब आणूच नयेत, मांजराला ते जीवघेणे ठरतात.

रॉकेल ताबडतोब बंद करा. त्याने कुत्र्याची त्वचा भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जाते. गोचीड चिमट्याने अगदी त्वचेलगत, तोंडापाशी धरून न पिळता सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. नखाने चिरडू नये. शोधायची कुठे, तर कानाच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाखाली. फिरून आल्यावर हात फिरवायला पाच मिनिटे लागतात, आणि ब्रूनोचा त्यात आनंदच असेल.

प्रश्न : आम्ही दोघे पुण्यात आयटीत नोकरी करतो. यजमानांना लहानपणापासून दमा आहे. एक विक्रेता ‘अ‍ॅलर्जी न होणाऱ्या’ जातीचे पिल्लू पंचेचाळीस हजारांना देतो आहे. घ्यावे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : घेऊ नये, निदान त्या कारणासाठी तरी नाही. अ‍ॅलर्जी होत नाही अशी कुत्र्याची एकही जात नाही. पूडल, शिह त्झू यांचे केस कमी गळतात हे खरे, पण लाळ आणि त्वचा त्यांनाही आहे, आणि अशा जातींच्या घरांतली धूळ तपासली तेव्हा तिच्यात त्रासदायक प्रथिने इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळली नाहीत. शिवाय न गळणारे केस वाढत राहतात, आणि दर दीड-दोन महिन्यांनी ते कापून घेण्याचा खर्च जन्मभराचा असतो.

यात एक बारकावा आहे. कुत्र्यांच्या प्रथिनांपैकी एक प्रथिन फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. काही रुग्णांना केवळ त्याचीच अ‍ॅलर्जी असते, आणि अशांना मादी सोसवण्याची शक्यता असते. कोणत्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे हे सांगणारी रक्ततपासणी मोठ्या प्रयोगशाळांतून होते. यजमानांच्या छातीच्या डॉक्टरांना तिच्याविषयी विचारावे. त्यांनी हरकत घेतली नाही, तर ज्या कुत्र्याला घरी आणायचे त्याच कुत्र्याच्या सहवासात यजमानांनी तीन-चार वेळा, बंद खोलीत, तास-दोन तास बसून पाहावे. विक्रेता याला तयार नसेल तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले. दत्तक देणाऱ्या संस्था सहसा आनंदाने तयार होतात, आणि तिथला गावठी कुत्रा आपल्या हवेला रुळलेला असतो. चपट्या नाकाच्या पगला उन्हाळ्यात जी धाप लागते आणि तिच्यापायी जो खर्च होतो, तो गावठी कुत्र्याच्या वाट्याला येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. दीड वर्षाची मादी कुत्री पाळली आहे. तिच्या आजारपणाच्या खर्चासाठी विमा काढावा की दरमहा पैसे बाजूला टाकावेत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडे काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा देतात. हप्ता पाहण्याआधी चार गोष्टी वाचाव्यात : कोणत्या वयापर्यंत विमा नव्याने काढता येतो आणि कोणत्या वयापर्यंत चालू राहतो, विमा घेतल्यावर किती दिवस दावा करता येत नाही, आधीपासून असलेल्या किंवा जातीमुळे येणाऱ्या आजारांचे काय, आणि लसीकरणात खंड पडला तर दावा फेटाळला जातो का. शेवटची अट बहुतेकांना दावा करतानाच कळते, म्हणून लसीकरणाची वही रेशनकार्डाइतकी जपावी. लसी, जंतांचे औषध, नसबंदी, दात स्वच्छ करणे हे ठरलेले खर्च विम्यात सहसा येतच नाहीत. कुत्रीने दुसऱ्या कुणाला इजा केली तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईचे कलम मात्र असेल तर उपयोगी आहे.

तुमच्यासारख्या शिस्तीने पैसे वापरणाऱ्या माणसाला बँकेतली छोटी आवर्ती ठेव अधिक सोयीची पडेल, असे माझे मत आहे, कारण तिला अटी नाहीत. पण ठेव सुरू करण्याआधी एक खर्च करून टाका, तो म्हणजे नसबंदीचा. नसबंदी न केलेल्या मादीला, विशेषतः वय वाढल्यावर, माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो. कुत्री एकाएकी खूप पाणी पिऊ लागते, खात नाही, मरगळते. कधी स्राव दिसतो, कधी दिसतही नाही, आणि न दिसणारा प्रकार अधिक घातक. मग तीच शस्त्रक्रिया रात्री-अपरात्री, आजारी कुत्रीवर, कित्येक पट खर्चाने आणि जिवाच्या जोखमीने करावी लागते. निरोगी अवस्थेत, वेळ ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

काटकसर कुठे करू नये हेही सांगतो. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या वेळापत्रकाने, एकही वर्ष न चुकवता द्यावी. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास अनेक ठिकाणी ती शिबिरांत मोफतही मिळते. लेप्टोचा अंतर्भाव असलेली लस पावसाळ्याआधी द्यावी, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा हा आजार कुत्र्याकडून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. आणि वजन वाढू देऊ नये. लाडाने दिलेल्या बिस्किटांचा हिशेब म्हातारपणी सांध्यांच्या औषधांत चुकवावा लागतो, हे माझ्याकडच्या निम्म्या लॅब्रेडॉरांच्या मालकांना मी सांगतो आणि ते हसून सोडून देतात.

प्रश्न : आमचा कुत्रा दर पावसाळ्यात कंबरेपासून शेपटीपर्यंत खाजवून केस उपटतो. कोंबडीची अ‍ॅलर्जी असेल म्हणून चिकन बंद केले, महागडे खाद्य आणले, तीन महिने झाले तरी खाज तशीच आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जागा पाहता मला पिसवांचा संशय आहे. पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही दिवसेंदिवस खाजवत ठेवतात, आणि तो स्वतःच पिसू चाटून गिळत असल्याने ती तुम्हाला दिसत नाही. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नसून पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. मग घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, त्या त्या प्राण्यासाठीचे पिसूनाशक पावसाळाभर द्यावे लागेल, आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागेल. पोटातल्या फीतकृमीचीही तपासणी करावी, कारण ती पिसूतूनच येते.

खाद्याची अ‍ॅलर्जी नसतेच असे नाही. पण ती तपासायची रीत म्हणजे निदान आठ आठवडे, पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन देणे आणि त्या काळात घरातल्या कुणीही चहाबरोबर बिस्कीट न टाकणे. महागडे खाद्य आणले पण पाकिटामागचे घटक वाचले नाहीत, तर त्यातही कोंबडीच निघते. तुमच्या पाकिटावर ते आज पाहून घ्या.

प्रश्न : मला आणि कुत्र्याला दोघांनाही अ‍ॅलर्जी आहे. माझीच गोळी त्याला दिली तर चालेल का? तेवढाच खर्च वाचेल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गोळीत नेमके काय आहे यावर सारे अवलंबून आहे, आणि ते पशुवैद्यांनाच ठरवू द्यावे. अ‍ॅलर्जीची काही साधी औषधे कुत्र्यांनाही दिली जातात, पण मात्रा वजनावर ठरते आणि कुत्र्याच्या खाजेवर त्यांचा परिणाम बहुधा बेताचाच असतो. खरा धोका सर्दीच्या संयुक्त गोळ्यांचा. त्यांत अ‍ॅलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे औषध असते, आणि त्यांतली काही द्रव्ये कुत्र्याच्या हृदयाची गती धोकादायक वाढवतात. अंगदुखीवरची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करते. बिनसाखरेच्या औषधी सिरपात झायलिटॉल हे गोडीद्रव्य असू शकते, ते कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणते. गोळी आधीच दिली गेली असेल तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये, मीठ-पाणी पाजून घरी उलटी करवू नये. किती वाजता आणि किती दिली ते कागदावर लिहावे आणि रिकामी पट्टी खिशात घालून कुत्र्याला लगेच दवाखान्यात न्यावे.